क्रोशाची खांद्यावरची पिशवी, आठ महिन्यांच्या वापरानंतर: धागा चांगला, पट्टा नापास

आठ महिन्यांत या पिशवीचा रंग उतरला नाही, अंगावर गोळे आले नाहीत, तळ ढिला पडला नाही. तरीही हा नमुना भेट देण्यासाठी विणायचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे, कारण पट्टा. विणला तेव्हा ७० सेंटिमीटर होता, आज ८२ भरतो. रुंदी ४ सेंटिमीटरवरून ३.२ वर आली आहे. पिशवी कमरेशी बसायची ती आता मांडीवर आपटते, आणि पट्टा दोरीसारखा गोळा होऊन खांद्यात रुततो.

नमुना बहुतेकांच्या हाताखालून गेलेला असेल, म्हणून थोडक्यात. ८ प्लाय (मध्यम जाडीचा) मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रियेने चकाकी आणलेला सुती धागा, ४ मिमीची क्रोशाची सुई, तळापासून गोल फेऱ्यांत मुके खांब (आखूड, दाट टाके), वर काठ, आणि काठावरूनच उचललेला ७ टाक्यांचा पट्टा. हा पट्टा छोट्या छोट्या आडव्या ओळींनी विणत वर न्यायचा आणि दुसऱ्या बाजूला जोडायचा. बहुतेक सगळे नमुने हेच सांगतात, कारण विणायला सोपं आणि लांबी मनासारखी थांबवता येते. रोजचं ओझं दोन ते तीन किलो.

आधी दोष धाग्याला दिला, आणि त्याला कारणही होतं. मर्सराइज करणं म्हणजे सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. जॉन मर्सर यांनी ती १८४४ मध्ये शोधली. तंतू फुगून गोलसर होतात, आणि प्रक्रियेच्या वेळी सूत ताणून धरलं की चकाकी येते. रंग पक्का बसतो तो यामुळेच. पण पृष्ठभाग गुळगुळीत झाला की एक फास दुसऱ्या फासावरून सहज सरकतो. शिवाय सुताला लोकरीसारखी कुरळी लवचीकता नसते. लोकर ताणून सोडली की बरीच मागे येते. सूत ताणलं की तिथेच राहतं. तेव्हा मत असं बनलं होतं की ओझ्याच्या वस्तूंना मर्सराइज्ड धागा नको, साधा खरखरीत सुती धागाच बरा.

हे मत आता मागे घेते. उरलेल्या त्याच गुंड्यातून ३० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या विणून पाहिल्या. पहिली नमुन्याप्रमाणे, आडव्या छोट्या ओळींची. दुसरीत ३० सेंटिमीटर लांब साखळी घातली आणि तिच्यावर ७ उभ्या, लांब ओळी. दोन्हींना २ लिटर पाण्याची बाटली बांधून दोन दिवस टांगलं. पहिली नजरेत भरेल इतकी लांबली आणि मधे बारीक झाली. दुसरी मोजपट्टीने मोजल्याशिवाय फरक कळणार नाही इतपतच. धागा तोच, सुई तीच, हातही तोच. म्हणजे खोट विणायच्या दिशेत होती.

कारण हिशेबाने पाहिलं की लगेच पटतं. ७० सेंटिमीटरच्या आडव्या पट्ट्यात साधारण १४० ओळी बसतात. मुक्या खांबाची उंची म्हणजे दोन फासांची एकमेकांत अडकवण. ओझं आलं की प्रत्येक फास थोडा सरळ होतो आणि त्यासाठी लागणारा धागा टाक्याच्या रुंदीतून ओढून घेतो. एका ओळीत एक मिलिमीटरसुद्धा वाढ झालेली नाही, पण १४० ओळींची मिळून १२ सेंटिमीटर होते. रुंदी का गेली तेही यातच आलं. उभ्या लांब ओळींत टाक्यांच्या माथ्यावरची साखळी टोकापासून टोकापर्यंत सलग धावते आणि दोरीसारखा ताण घेते. सात ओळी म्हणजे सात दोऱ्या शेजारी शेजारी.

दुसरी चूक सुईच्या मापाची. धाग्याच्या वेष्टनावर ४ मिमी छापलेलं असतं ते अंगावर पडणाऱ्या, मऊ राहणाऱ्या विणीसाठी. पिशवीच्या अंगाला ते चालतं, पट्ट्याला नाही. पट्ट्यासाठी ३ मिमी घ्यावी. हात सैल असेल तर २.७५. बोटं दुखतात, विणायला जवळपास दीडपट वेळ लागतो, पण वीण पुठ्ठ्यासारखी दाट येते.

नवा पट्टा असा विणला आहे. ३ मिमी सुईने १० सेंटिमीटरमध्ये २२ मुके खांब येतात, म्हणून ७० सेंटिमीटरला १५४ टाके, वर वळायची एक साखळी. साखळी मात्र ३.५ मिमी सुईने घालायची. ३ मिमीनेच घातली तर ती पुढच्या ओळींपेक्षा आखूड पडते आणि पट्टा विळ्यासारखा वाकतो. पहिली ओळ साखळीच्या मागच्या उंचवट्यांत घ्यायची, म्हणजे खालच्या काठालाही वरच्यासारखीच वेणी दिसते. दर २० टाक्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. लांब ओळीत शेवटचा टाका हमखास सुटतो आणि सातव्या ओळीला येईपर्यंत पट्ट्याची टोकं तिरकी झालेली असतात. मग उसवणं आलं. १५४ टाक्यांची ओळ उसवायला मन धजत नाही, म्हणून मोजणं परवडतं.

सात ओळी झाल्या की दोन्ही लांब काठांवर स्लिप स्टिचची (उंची न वाढवणारा सरकता टाका) एकेक ओळ, पुन्हा ३.५ मिमी सुईने. ही ओळ घट्ट ओढली तर काठ आक्रसतात आणि मधला भाग फुगतो. सैल हवी, पण लोंबती नको. विणून झाल्यावर टेबलावर सपाट पडला पाहिजे, कोपरा उचलता कामा नये.

एवढ्यावर थांबायचं असेल तर पट्टा हव्या त्या मापापेक्षा ४ सेंटिमीटर आखूड करा, कारण थोडा तो लांबणारच. पण भेट द्यायची असेल तर थांबू नका. घेणारी व्यक्ती पिशवीत काय कोंबेल ते आपल्या हातात नसतं. आतून न ताणणारी पट्टी लावा. नवारीसारखी विणलेली सुती पट्टी किंवा आडव्या रेघांची जाड रिबीन, २.५ सेंटिमीटर रुंद. साटिनची चकचकीत रिबीन नको, तिला शिवलेले टाके उसवतात. सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटेल आणि वरची वीण चुणीदार होईल.

इथे लांबीचा हिशेब चुकला की सगळं वाया जातं. पट्टी विणलेल्या पट्ट्याइतकीच हवी, एक सेंटिमीटरसुद्धा जास्त नको. ती लांब राहिली तर तेवढं अंतर ताणून होईपर्यंत भार विणीवरच पडतो, म्हणजे पट्टी असून नसल्यासारखी. त्या मापावर दोन्ही टोकांना ६-६ सेंटिमीटर जास्तीचे ठेवायचे, ते पिशवीच्या आत जातात. टाचण्या आधी मध्यावर, मग दोन टोकांना, मग अर्ध्या-अर्ध्या अंतरावर. एका टोकापासून शिवत गेलात तर वीण सुईपुढे सरकत जाते आणि शेवटाला दोन-तीन सेंटिमीटर उरते. साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने, दर चौथ्या टाक्याला मागचा फक्त एक पदर उचलत उलट टीप घाला. समोरून काहीही दिसत नाही.

जोडणीबद्दलही तक्रार आहे. मूळ नमुन्यात पट्टा काठाच्या फक्त ७ टाक्यांवर उभा असतो. तिथे काठ डोंगरासारखा वर ओढला जातो आणि पिशवीचं तोंड वेडंवाकडं होतं. आता पट्ट्याचं टोक आत ५ सेंटिमीटर खाली नेऊन पिशवीच्या अंगावर सपाट ठेवलं आहे, आणि विकतच्या पिशव्यांना असते तशी चौकोन आणि मधे फुली अशी शिवण घातली आहे. सोबत आतली पट्टीही त्याच शिवणीत घेतली. हे न करता पट्टी नुसती पट्ट्यालाच शिवली तर ताण सरकून नेमका जोडावर येतो. काठालाही स्लिप स्टिचची एक फेरी दिली, तोंड आता ताठ राहतं.

नव्या पट्ट्याचे तीन महिने झाले. आज सकाळी मोजला, ७० च भरला. म्हणून धाग्याबद्दलचं मतही पूर्ण बदललं. त्याच्याबद्दल खरी तक्रार उरते ती टोकांची. गुळगुळीत असल्यामुळे दडवलेली टोकं धुण्यात बाहेर येतात. १५ सेंटिमीटर टोक ठेवा, बोथट सुईने एका दिशेला, मग उलट, मग आडवं असं तीनदा फिरवा आणि दुसऱ्या फेरीत विणीच्या धाग्याचे पदर चिरत सुई काढा. नुसती गाठ मारून भागत नाही, ती सुटते.

याच धाग्याच्या बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. केसांचे रबर झकास टिकले, कारण ताण आतला रबर घेतो, विणीला काही करावंच लागत नाही. कपाखालच्या गोल चकत्या सपाट राहिल्या त्या खांबांच्या (मुक्या खांबाहून उंच टाका), १२ ने सुरुवात आणि दर फेरीला १२ वाढ. मुक्या खांबांना ६ ची वाढ पुरते, ८ केली की कडा लाटांसारखी होते. किल्लीच्या साखळीच्या बाहुलीत पहिली जादूची रिंग (सुरुवातीचा, ओढून बंद करायचा फास) उघडली आणि कापूस बाहेर आला. टोक रिंगच्या फेरीतून दोनदा, दोन्ही दिशांनी ओवून मगच कापा. बाहुलीला सुई २.५ मिमी, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो. तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची असेल तर प्लास्टिकचे डोळे नकोत, मागची चकती कितीही घट्ट बसली तरी. विणीची भोकं ताणली की डोळा चकतीसकट निघतो. दोऱ्याने भरून काढावेत. पांढरा गोंद आणि पाणी समभाग करून कडक केलेले कानातले घामाने आणि ओलाव्याने मऊ पडतात, म्हणून गोंदाऐवजी बारीक तारेवर विणलेले बरे. गडद लाल आणि निळा धागा पांढऱ्यासोबत विणण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून रंग लागतो का ते बघा.

जुना पट्टा टाकू नका. शेवटच्या ओळीपासून उसवला की बराच धागा हाती येतो. तो तसाच विणायला घेतला तर वेटोळ्यांमुळे टाके लहान-मोठे पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि खाली ओला टॉवेल अडकवून टांगून वाळवा. वाळल्यावर धागा पुन्हा सरळ होतो, चकाकी कायम राहते. आमच्याकडे त्याच्या सहा चकत्या झाल्या, आणि एका केसांच्या रबरापुरता धागा उरला.