एफ४५० ड्रोन वापरून झाल्यावर: तो का पडला आणि दुरुस्त का केला

चार भुजांचा एफ४५० सांगाडा, ए२२१२ मोटरी, मोटरींचा वेग सांभाळणारे तीस अँपिअरचे ईएससी, दहा इंची पाती आणि आर्डुपायलट या आज्ञावलीवर चालणारा फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा तोल राखणारा छोटा संगणक) हा संच हौशी ड्रोनवाल्यांना इतका परिचित आहे की त्याचे गुणविशेष येथे पुन्हा सांगत नाही. मी तो एका ऑनलाइन दुकानातून अर्धवट जोडलेल्या स्वरूपात घेतला. मोटर आणि ईएससी यांच्या तारांना लागणारे साडेतीन मिलिमीटरचे बुलेट कनेक्टर (तारा जोडणाऱ्या गोल पिना) दुकानानेच सोल्डर करून, वर तापवल्यावर आवळणारी काळी आकुंचन-नळी चढवून पाठवले होते आणि त्या कामाचे वेगळे पैसे घेतले होते. या लेखातील बराचसा भाग त्या कनेक्टरांविषयीच आहे, कारण माझ्या मते या संचाची संपूर्ण लायकी तेथे ठरते.

हिवाळ्यातील अनुभव उत्तम होता. अमळनेर तालुक्यातील आमच्या शेतावर सकाळच्या थंडीत गहू आणि हरभऱ्यावरून ड्रोन एका जागी असा स्थिर राहत असे की रिमोटच्या कांड्या सोडून निवांतपणे पिकाचे निरीक्षण करता येई. ठिबकची कोणती ओळ कोरडी राहिली आहे, हे वरून घेतलेल्या छायाचित्रांत चटकन कळत होते. वजन दोन किलोच्या आत असल्याने २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तो मायक्रो गटात येतो आणि बिगरव्यावसायिक वापरासाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, ही या आकाराची मोठी सोय आहे. त्या काळात कोणी विचारले असते, तर मी हा संच डोळे झाकून घ्या असे सांगितले असते.

मे महिन्यात तो पडला. खरिपासाठी नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावर, साधारण वीस मीटर उंचीवर स्थिर उभा असताना, कोणताही आदेश दिलेला नसताना तो एकदम उजवीकडे आणि पुढे कलंडला व फिरत खाली आला. हवेचा अडथळा धरला नाही, तर एवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळते. वाळलेल्या ढेकळांनी पुढची उजवी भुजा मोडली, पात्यांचे तुकडे झाले आणि बॅटरीच्या एका कोपऱ्याला खोलगट पोचा आला.

दुकानाला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्यांनी उष्णतेचे कारण दिले. जळगाव-धुळ्याच्या उन्हात लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तग धरत नाही, व्होल्टेज कोसळले असणार, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवीन संच घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. काही काळ मला ते पटलेही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. त्रेचाळीस अंश तापमानातील हवा हिवाळ्यातील दहा-बारा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. तेवढेच वजन पेलण्यासाठी पात्यांना अधिक वेगाने फिरावे लागते, मोटर अधिक वीज खेचते आणि उड्डाणाचा वेळ घटतो. खानदेशातील उन्हाळ्यात हा फरक प्रत्येकाला जाणवतो. मात्र उड्डाणाचा वेळ कमी होणे आणि ड्रोन एकाच कोपऱ्यावर कलंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथेच त्या स्पष्टीकरणाविषयी माझे मत बदलले.

फ्लाइट कंट्रोलरमधील मेमरी कार्ड शाबूत होते. त्यावरील लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, संगणकावर मिशन प्लॅनर या मोफत प्रणालीत उघडला. प्रथम बॅटरीचा आलेख पाहिला. तीन सेलच्या बॅटरीचे व्होल्टेज भाराखाली ११.१ च्या आसपास होते, म्हणजे प्रत्येक सेल ३.७ व्होल्टवर होता आणि कोठेही खोल घसरण नव्हती. शिवाय ड्रोन कलंडल्यानंतर जमिनीवर आदळेपर्यंत नोंदी चालू होत्या. वीजपुरवठाच गेला असता, तर लॉग हवेतच तुटला असता. कंपनांच्या नोंदी तीस मीटर प्रति सेकंद वर्ग या स्वीकारार्ह मर्यादेच्या बऱ्याच खाली होत्या, त्यामुळे सैल सांगाड्याचा किंवा असंतुलित पात्याचा संशयही दूर झाला.

त्यानंतर अपेक्षित कल आणि प्रत्यक्ष कल यांचे आलेख एकावर एक ठेवले. अपघातापूर्वी दोन्ही रेषा जुळलेल्या होत्या. मग कंट्रोलर ड्रोन सपाट ठेवण्याचा आदेश देत असतानाच प्रत्यक्ष कल उजवीकडे वाढत गेला. अशी फारकत दिसली की दोष बहुधा यांत्रिक असतो, म्हणजे मोटर, ईएससी किंवा पाते यांपैकी काहीतरी निकामी झालेले असते. हा दोष कोणत्या कोपऱ्यात आहे, हे मोटरींना दिलेल्या आदेशांवरून कळते. आर्डुपायलटच्या चौकोनी मांडणीत पहिली मोटर पुढे उजवीकडे आणि दुसरी तिच्या तिरप्या समोर, म्हणजे मागे डावीकडे असते. त्या क्षणी पहिल्या मोटरीचा आदेश कमाल मर्यादेला जाऊन चिकटला होता आणि दुसऱ्या मोटरीचा तळाला गेला होता. कंट्रोलर पुढचा उजवा कोपरा उचलण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होता आणि तो कोपरा उचलला जात नव्हता. चार मोटरींच्या ड्रोनमध्ये एक मोटर थांबली, तर उरलेल्या तिघींना वजन आणि तोल दोन्ही सांभाळता येत नाहीत. सहा मोटरींच्या ड्रोनला अशा वेळी वाचण्याची संधी असते, चारवाल्याला जवळजवळ नसते.

पात्याचे नट घट्ट होते आणि मोडलेल्या पात्याचा मधला भाग मोटरीवरच होता, म्हणजे पाते हवेत निसटले नव्हते. मोटर हाताने मोकळी फिरत होती. त्या कोपऱ्यातला ईएससी एका वेगळ्या मोटरीला जोडला तेव्हा ती व्यवस्थित फिरली. मूळ मोटर जोडली की कधी फिरे, कधी नुसती थरथरे, आणि तार किंचित हलवली की पुन्हा चालू होई. ब्रशलेस मोटरीला तीन फेजच्या तारा असतात. त्यांतील एक तुटली की जागेवरून ती फिरू शकत नाही, आणि वेगात असताना तुटली तर ईएससीचा ताळमेळ सुटतो.

आमच्या गावात शेतीपंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या कारागिराकडे ती मोटर नेली. त्यांनी काळी नळी ब्लेडने चिरली, तार हळूच ओढली आणि ती कनेक्टरमधून तशीच हातात आली. "हाऊ जोड कच्चा शे, भाऊ," एवढेच ते म्हणाले. आतले सोल्डर राखाडी, दाणेदार आणि तारेला न चिकटलेले होते. पितळी पिन पुरेशी तापवलीच गेली नव्हती. अशा जोडाचा रोध वाढतो. ०.०२ ओहम रोध धरला तरी दहा अँपिअरला तेथे दोन वॅट उष्णता एवढ्याशा जागेत निर्माण होते, त्यात कंपनांची भर पडते आणि जोड हळूहळू सुटत जातो. हिवाळ्यात ड्रोन चांगला उडाला, याचे कारण जोड चांगला होता हे नसून तो अजून सुटायचा होता, एवढेच आहे. उन्हाळ्यात वाढलेल्या विजेच्या ओढीने त्याचा शेवट लवकर झाला असेल, पण मूळ दोष उष्णतेचा नाही.

हे सर्व आलेख आणि सुटलेल्या पिनेचे छायाचित्र मी दुकानाला पाठवले. सोल्डरिंग हमीत येत नाही, असे उत्तर आले. ज्या कामाचे वेगळे पैसे घेतले त्याची जबाबदारी नाकारली जाते, याचा मला अजूनही संताप आहे. नळीच्या आत झाकलेला जोड ग्राहकाला दिसत नाही, म्हणून तर तो जाणत्या हातांनी करून घेण्यासाठी आपण पैसे मोजतो.

दुरुस्ती करावी की नाही, याचा हिशेब मात्र सरळ निघाला. प्लॅस्टिकची भुजा साधारण दीडशे रुपयांना, पात्यांच्या जोड्या दोनशेला आणि नवीन मोटर पाचशेच्या आत मिळाली. जुन्या मोटरीची दांडी किंचित वाकलेली होती. ती सरळ करून वापरता आली असती, पण वाकडी दांडी बेअरिंग खाते आणि कंपने वाढवते, म्हणून ती बदलली. कंट्रोलर, जीपीएस, रिमोट आणि रिसीव्हर या महाग वस्तू सुखरूप होत्या, त्यामुळे सगळा संच टाकून देण्याचा दुकानाचा सल्ला मला उधळपट्टीचा वाटतो. काटकसर केली नाही ती फक्त बॅटरीत. पोचा आलेली लिपो फुगलेली नसली आणि व्होल्टेज बरोबर दाखवत असली, तरी आतील थर दाबले जाऊन ती चार्जिंगच्या वेळी पेट घेऊ शकते, म्हणून दोन हजारांच्या घरातली नवी घेतली.

उरलेल्या सर्व जोडांच्या नळ्याही चिरून पाहिल्या. आणखी काही जोड तसेच दाणेदार निघाले. त्याच कारागिराकडून साठ वॅटच्या सोल्डरिंग गनने सगळे नव्याने करून घेतले, प्रत्येक तार ओढून तपासली आणि मगच नळ्या चढवल्या. दुरुस्तीनंतरच्या लॉगमध्ये चारही मोटरींचे आदेश एकमेकांच्या जवळ आहेत आणि उड्डाणामागून उड्डाण त्यात बदल नाही.

माझे आजचे मत असे आहे: सांगाडा, मोटरी आणि कंट्रोलर या किमतीत समाधानकारक आहेत, सुटे भाग स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत, पण दुकानाने जोडून दिलेला संच घेऊ नये. सुटा घ्यावा, किंवा जोडलेला मिळालाच तर पहिल्या उड्डाणाआधी सगळ्या जोडांच्या नळ्या काढून पाहाव्यात. माझ्या ड्रोनवर कॅमेरा अजून परत चढवलेला नाही. जूनमध्ये कापसाची लागवड होईपर्यंत तो कमी उंचीवर, मोकळ्या रानावरच उडवून लॉग पाहत राहणार आहे.