शनेल ३१ रू कांबों: ओकमॉस नाही तरी पक्कं शिप्र

शिप्र टाइपचे परफ्यूम ज्यांना मनापासून आवडतात त्यांनी शनेलचं ३१ रू कांबों एकदा तरी अंगावर लावून बघाच, कागदी पट्टीवर नको, पट्टीवर याचा निम्मा खेळ कळतच नाही.

हे शिप्र घराणं म्हणजे काय ते आधी पटकन सांगते. फ्रांस्वा कोती या फ्रेंच परफ्यूमरने १९१७ मध्ये शिप्र नावाचंच परफ्यूम काढलं आणि पुढे त्या धर्तीच्या सगळ्यांनाच ते नाव पडलं, वर बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाचा आंबटसर तजेला, खाली लॅबडॅनम या सुगंधी राळेचा गोडसर दाटपणा, आणि सगळ्यात खाली ओकमॉस, म्हणजे ओकच्या झाडांवर वाढणारं एक प्रकारचं दगडफूल, कडवट, ओलसर, काळोखं. १९१९ चं गेर्लां या फ्रेंच कंपनीचं मित्सुको हे परफ्यूम यातलंच, त्यात पीचची भर. खरी मजा त्या वरच्या उजेडात आणि खालच्या अंधारात जी ओढाताण चालते त्यात आहे. पण ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या द्रव्यांनी काही लोकांना स्किन अ‍ॅलर्जी होते, म्हणून आधी त्याच्या वापरावर मर्यादा आल्या आणि २०१७ मध्ये युरोपियन युनियनने ही दोन्ही द्रव्यं कॉस्मेटिक्समध्ये वापरायला बंदीच घातली. त्यामुळे आताच्या बऱ्याच मॉडर्न शिप्रमध्ये पचौली (पानांपासून काढलेलं मातकट वासाचं तेल) आणि व्हाइट मस्क (कृत्रिम कस्तुरी) टाकून भागवतात, वास छान स्वच्छ येतो पण ती ओढाताण कुठे असते?

इथेच ३१ रू कांबों वेगळं ठरतं. हे २००७ मधलं, शनेलचा तेव्हाचा परफ्यूमर जाक पोल्ज याने केलेलं, नाव शनेलच्या पॅरिसमधल्या पत्त्यावरून. ओकमॉसच्या जागी त्याने दुसरं मॉस शोधलंच नाही, सरळ आयरिस (एक फुलझाड) आणि मिरी घेतली! स्प्रे केल्या केल्या बर्गमोट आणि त्याला चिकटूनच मिरीची बारीक चुणचुण, नाकाच्या शेंड्याला जाणवेल एवढीच, आणि मग हळूहळू आयरिस वर येतो. हा वास फुलाचा नाही हं, कंदाचा, आणि ते कंद काही वर्षं वाळवत ठेवल्याशिवाय तो उतरतच नाही. थंड, पावडरी, किंचित मातकट, थोडासा गाजराकडे झुकणारा. त्याच्या खालून लॅबडॅनम आणि पचौली ऊब देत राहतात, म्हणजे मनगट नाकाशी नेलं की गार वाटतं आणि जरा लांब धरलं की उबदार, आणि शिप्रमध्ये मला हेच हवं असतं, मग मॉस असो वा नसो.

मित्सुकोचा तो रानातला कडवटपणा मात्र इथे नाही. ज्यांचा जीव त्या कडवटपणातच अडकलाय त्यांना हे जरा जास्तच सभ्य वाटेल, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

सुरुवातीचं ओ द तॉयलेट, म्हणजे कमी तीव्रतेचं रूप, हलकं, हवेशीर होतं, २०१६ मध्ये ओ द पार्फम हे जास्त तीव्रतेचं रूप आलं ते जास्त गोलाईचं, मऊ आहे. मला जुनं जास्त आवडतं कारण त्यात मिरी धारदार लागते, पण आता शोधायला गेलात तर ओ द पार्फमच मिळण्याची शक्यता जास्त, आणि तेही सुंदरच आहे. आधी सॅम्पल घ्या, एका हातावर हे आणि दुसऱ्यावर मित्सुको लावा, आणि वरचा बर्गमोट पूर्ण उडून जाईपर्यंत कुठलंच मत बनवू नका.