खर्ज कुठाय? साडेपाच हजारांच्या कम्प्युटर स्पीकरबरोबर आठ महिने

दिवाळी पाडव्याला घेतलेले स्पीकर, आता आषाढ लागला. आठ महिने रोज चालू आहेत. सकाळी बाबांचा रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर, संध्याकाळी पुतण्याचा व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम, रात्री जेवणानंतर माझी गाणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पाच-सहा हजारांत बऱ्याच कंपन्यांचे जोड साधारण याच घडणीचे मिळतात: एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे दोन डबे, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी ४ इंची वूफर, वर बारीक सुरांसाठी छोटा ट्वीटर, नुसत्या बेसचा वेगळा डबा म्हणजे सबवूफर नाही. मला साडेपाच हजारांना पडले.

आधी घरात टू पॉइंट वन होता, म्हणजे दोन छोटे डबे नि एक सबवूफर. आम्ही तेव्हा सांगलीत गावभागात राहायचो. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बाबांनी तंबोरा छातीशी धरून माडीवर नेला आणि सबवूफर खालीच राहिला. पाणी उतरल्यावर त्याचा डबा भिजलेल्या पावासारखा फुगला होता. पुढची काही वर्षं हेडफोनवर काढली.

दुकानात गेलो तर पहिला स्टिकर ‘५००० वॅट पीएमपीओ’. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, असल्या आकड्याकडे बघूसुद्धा नका. बघायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद. माझ्या जोडावर दोन्ही मिळून ४० वॅट आरएमएस लिहिलंय आणि दहा बाय बाराच्या खोलीत आवाजाचं बटण अजून निम्म्याच्या वर गेलेलं नाही. दुकानदारानं ऐकवायला डीजेचं गाणं लावलं. त्यावर सगळेच स्पीकर भारी वाटतात. मी म्हटलं, तंबोरा लावू का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप मोबाइल खिशात घातला.

हेच पैसे टू पॉइंट वनमध्ये घातले तर सबवूफर धमधम करतो, पण बाजूचे दोन डबे चिमुकले असतात. मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा, कुणाच्याच वाट्याला येत नाही. यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकरही बघितले. मित्राकडे क्रिएटिव्ह कंपनीचे पेबल आहेत, २ इंची कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) वर तोंड करून बसवलेला. टेबल अडत नाही, बोलणं स्वच्छ येतं. पण साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतो, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तर हे मोठे डबे घरी आणले, जोडले, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला तंबोरा लावला. बाबा दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, “खर्ज कुठाय?”

बाबांचा कान मिरजेत बनलेल्या तंबोऱ्यावर तयार झालाय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी त्यांनी कापून ठेवलीय. खर्ज म्हणजे तंबोऱ्याच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर, काळी एकचा साधारण ६९ हर्ट्झचा. इतक्या खाली ४ इंची वूफर दमतो, हे मान्य. पण त्याच तारेतून सोबत निघणारे वरचे सूर, १३८ नि २०८ च्या आसपासचे, नीट आले तरी कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. माझ्याकडे तेही पातळ येत होतं. वीस दिवस इक्वलायझरशी, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगशी झटापट केली. बेस वाढवला की डबा घुमायचा, खर्ज काही यायचा नाही. परत करायचं नक्की झालं होतं.

एका सकाळी बाबांनी माझं बघून विंडोजमधला बॅलन्स, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या डब्यात वाटायची पट्टी, पूर्ण डावीकडे ओढली. एक स्पीकर बंद. म्हणाले, “लेका, एकच असू दे. एकच बरा वाटतोय.”

दोनांपेक्षा एकाचा खर्ज जास्त? तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. या जोडात अँप्लिफायर उजव्या डब्यात असतो आणि डाव्याला उघड्या टोकांची दोन तारांची वायर जाते. मी तिकडे लाल-काळं उलटं खोचलं होतं. एक कोन पुढं यायचा तेव्हा दुसरा मागं जायचा आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खाऊन टाकायचे. अॅपचा तंबोरा दोन्हीकडे सारखाच वाजतो, म्हणून तिथं तर पुरताच घात. तारा बदलल्या. पाच मिनिटांचं काम. बाबा म्हणाले, “हां. आठ आणे आला.” त्यांच्याकडून हे पैकीच्या पैकी समजा.

नवीन जोड लावलात तर हा बॅलन्सचा प्रयोग पहिल्याच दिवशी करा. गाणाऱ्याचा आवाज दोन डब्यांच्या बरोबर मधून आला पाहिजे. धूसर, सगळीकडून आल्यासारखा वाटला तर आधी तारा बघा, मग दुकानदाराशी भांडा.

गेमिंगचं पुतण्याच्या तोंडून: “काका, डावं-उजवं एकदम क्लिअर, पण मागून आलेला कळत नाय.” कळणार नाहीच. दोन डबे समोर आहेत, मागचा भास द्यायला हेडफोनच लागतो. रँक, म्हणजे क्रमवारीचे सामने, खेळताना तो हेडफोन घालतो, बाकी वेळ स्पीकर. बेस मात्र मी सपाट ठेवायला लावलाय, स्फोटांच्या धडधडीत पावलांचा आवाज बुडतो. ब्लूटूथवर खेळू नका, गोळी आधी दिसते नि आवाज मागाहून येतो.

एक त्रास होता. माउस हलवला की बारीक किरकिर यायची, ग्राफिक्स कार्डावर भार आला की जास्तच. ती स्पीकरची नव्हती, कम्प्युटरच्या स्पीकर लावायच्या हिरव्या भोकातून येत होती. चारशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मध्ये टाकलं, गेली.

जागेचंही बघा. मागे बेसचं भोक आहे, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढं. आधी चिकटवून ठेवले होते तेव्हा सगळंच पिंपात वाजल्यासारखं यायचं. खाली जुने दिवाळी अंक घालून ट्वीटर कानाच्या उंचीला आणलेत. त्याच भोकात मार्चमध्ये पाल शिरली. आता तिथं मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, आवाजात फरक जाणवला नाही. निळा दिवा रात्री डोळ्यांत घुसतो, त्यावर बायकोची टिकली आहे.

पावसाळा सुरू झाल्यापासून आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते. दहा-बारा वेळा पूर्ण फिरवलं की आठवडाभर गप्प बसतं. वॉरंटीचे चार महिने बाकी आहेत. श्रावणापर्यंत थांबली नाही तर डबा घेऊन दुकान गाठणार आहे, आणि या खेपेला तंबोरा वाजवूनच घरी येणार.