सिमला, लंढौर की दार्जिलिंग? पुस्तकं धुंडाळत पायी फिरायचं तर कुठं जावं

सोलापुरातलं चालणं सपाटीवरचं. नवी पेठेतून निघा, पार्क चौक ओलांडा, सिद्धेश्वर तलावाला वळसा घालून परत या, गुडघ्यांना कळतही नाही. आपला शत्रू चढ नाही, ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सकाळी नऊनंतर हौसेनं चालायला कुणी घराबाहेर पडत नाही. म्हणूनच डोंगरातल्या गार शहरात जावं, दिवसभर पायी भटकावं आणि वाटेत लागेल त्या पुस्तकांच्या दुकानात शिरावं, ही इच्छा इथल्या बऱ्याच वाचकांच्या मनात असते.

वाचनालयात नेहमी भेटणाऱ्या एका काकूंनी परवा मला हेच विचारलं. नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्यात, मुलीला घेऊन जायचं म्हणतात. "तू तिन्ही ठिकाणी जाऊन आलायस, एक नाव सांग." मी तिथल्या तिथं सांगू शकलो नाही. घरी येऊन विचार केला, तो इथं मांडतोय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती मला उशिरा कळली. अशा सहलीसाठी गाव निवडताना आपण पुस्तकांची दुकानं किती आहेत ते मोजतो. मोजायला हवा तो एका दुकानातून दुसऱ्या दुकानापर्यंतचा आणि शेवटच्या दुकानापासून मुक्कामापर्यंतचा चढ. सिमल्याच्या पहिल्या खेपेला मी "मॉल रोडपासून पाच मिनिटांवर" अशी जाहिरात वाचून खोली घेतली. पाच मिनिटं खरी होती, पण ती खाली उतरतानाची. संध्याकाळी सात पुस्तकं पिशवीत घेऊन त्याच पायऱ्या चढताना मी तीनदा कठड्यावर बसलो. तीन किलोचं ओझं नवी पेठेत जाणवतही नाही, सात हजार फुटांवर तेच ओझं दम काढतं. तेव्हापासून डोंगरातल्या गावात खोली विचारताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रस्त्यापासून पायऱ्या किती, आणि त्या वर जातात की खाली?

सिमला: एका रेषेवर ओवलेलं शहर

सिमला साधारण 2,200 मीटर उंचीवर आहे आणि डोंगराच्या धारेवर लांबट पसरलेलं आहे. चालणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं, कारण मुख्य मॉल रोड त्या धारेच्या कडेकडेनं जातो आणि त्यावर चढउतार बेताचे आहेत. सर्वसाधारण वाहनांना तिथं बंदी आहे. हॉर्नचा आवाज नाही, मागून दुचाकी अंगावर येईल ही धास्ती नाही. सोलापूरच्या माणसाला एवढ्यानंच अर्धं सुख मिळतं. खालच्या कार्ट रोडवरून मॉलवर यायला लिफ्ट आहे, थोडं तिकीट काढलं की सगळा चढ वाचतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी ही सोय नक्की वापरावी.

पुस्तकांची दुकानं याच रस्त्यावर आहेत. मिनर्व्हा आणि एशिया बुक हाउस ही रोजच्या वाचकाची दुकानं. इंग्रजीबरोबर हिंदी पुस्तकं भरपूर, आणि हिंदी वाचणाऱ्या मराठी माणसाला तिथं हाती लागणारं बरंच काही आपल्याकडच्या दुकानांत दिसतही नाही. मारिया ब्रदर्स हे नाव जुन्या, दुर्मिळ पुस्तकांसाठी आणि जुन्या नकाशांसाठी अनेक दशकं घेतलं जातं. अशा ठिकाणी खिसा हलका होतो, पण हातात घेऊन बघायला पैसे पडत नाहीत.

सिमल्यातली माझी सर्वांत आवडती चाल मात्र गर्दीकडं पाठ करून निघते. स्कँडल पॉइंटवरून पश्चिमेला चौरा मैदानाच्या दिशेनं चालत राहायचं. सुमारे चार किलोमीटरवर ऑब्झर्व्हेटरी हिलवर 1888 साली पूर्ण झालेला व्हाइसरॉयचा वाडा लागतो. 1945 ची सिमला परिषद इथंच झाली. आता तिथं भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. आवारातल्या जुन्या अग्निशमन केंद्रात संस्थेच्या प्रकाशनांचं दुकान आणि कॅफे आहे. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यावरची जी पुस्तकं नेहमीच्या दुकानात येत नाहीत ती इथं मांडलेली असतात. चहाचा पेला बाजूला ठेवून मी तिथं तास-दीड तास काढला. परत येताना वाट तीच, पण ऊन उतरलेलं असतं आणि देवदारांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या असतात.

अजून एक गोष्ट सोलापूरकरानं बघावीच. रिजचं जे मोठं पटांगण आहे, जिथं सगळे फोटो काढतात, त्याच्या पोटात ब्रिटिश काळात बांधलेली पाण्याची प्रचंड टाकी आहे. उजनी भरूनही ज्यांच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यांना त्या पटांगणावर उभं राहून काय वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. आणि ही डोंगरधार खरोखरच पाण्याची वाटणी करते: एका अंगाला पडलेला पाऊस सतलजमार्गे अरबी समुद्राकडं जातो, दुसऱ्या अंगाचा यमुनेतून बंगालच्या उपसागराकडं.

उणी बाजू म्हणजे गर्दी. मे महिन्यात संध्याकाळी मॉलवर जत्रा असते, अगदी आपल्या गड्ड्यासारखी. पुस्तकांची दुकानं सकाळी उघडताच गाठा, तेव्हा दुकानदारालाही बोलायला सवड असते. जाखूच्या मारुतीला जायचं तर अडीच किलोमीटरचा तो चढ खरोखरच खडा आहे. माकडं चष्मा ओढतात, म्हणून चष्मा खिशात ठेवा.

लंढौर: दुकान खाली, चाल वर

लंढौर म्हणजे मसुरीच्याच डोक्यावरची टेकडीवस्ती. मसुरीला जाणारे बहुतेक लोक मॉल रोडवर फिरून परत येतात. मसुरीचा तो रस्ता मला सांगण्यासारखा वाटत नाही, वाहनं आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. पण कुलडीजवळचं केंब्रिज बुक डेपो चुकवू नये. छोटं दुकान. रस्किन बाँड वर्षानुवर्षं शनिवारी दुपारी इथं येऊन वाचकांना सह्या देत. त्यांची पुस्तकं तर आहेतच, शिवाय डोंगर, जंगल, पक्षी या विषयांवरही बरंच काही मिळतं.

पुस्तकं इथंच संपतात आणि पुढं सगळं चालणं आहे. घंटाघरावरून लंढौर बाजारात शिरायचं आणि मलिंगारच्या टेकाडावरून वर जायचं. मसुरी साधारण 2,000 मीटरवर, लंढौरचा माथा लाल टिब्बा 2,275 च्या आसपास. म्हणजे इमारतीचे ऐंशी-नव्वद मजले चढल्यासारखं. एवढा चढ झेपत नसेल तर वरच्या "चार दुकान" नावाच्या ठिकाणापर्यंत टॅक्सी करावी, त्यात कमीपणा नाही. वर पोचल्यावर "चक्कर" नावाचा वळसा आहे, तो जवळजवळ सपाट आहे आणि देवदारांतून जातो. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर बर्फाची शिखरं दिसतात. मी एकदा तो वळसा सकाळी मारला, तर पाऊण तासात तीन माणसं भेटली आणि तिघांनीही नमस्ते केलं.

सिस्टर्स बाजारात प्रकाशचं जुनं दुकान आहे. अमेरिकन मिशनऱ्यांमुळं या टेकडीवर शेंगदाण्याचं लोणी रुजलं आणि ते अजून तिथं विकलं जातं. शेंगाचटणीच्या गावातून गेलेल्या माणसानं ते चाखावंच. मी सोबत नेलेल्या कडक भाकरीला लावून खाल्लं, चार दुकानच्या बाकावर बसून. भाकरी निघून तीन दिवस झाले होते, तरी कुरकुरीतच होती.

लंढौर त्यांच्यासाठी, ज्यांना एकच पुस्तक घ्यायचंय आणि ते झाडाखाली बसून वाचून संपवायचंय. दुकानं धुंडाळायची हौस असेल तर इथं दुसऱ्या दिवशी करायला काही उरत नाही.

दार्जिलिंग: एकच दुकान, पण

दार्जिलिंगचा चौरस्ता धारेच्या माथ्यावर आहे, आणि तिथं गाड्या येत नाहीत. बाकं, कबुतरं, पाठीवर पोरं घेतलेल्या बाया, आणि मध्ये भानुभक्त आचार्यांचा पुतळा. ज्यांनी रामायण नेपाळीत आणलं त्या कवीचा. गावाच्या सर्वांत मानाच्या चौकात कवीचा पुतळा आहे हे बघून मला फार बरं वाटलं.

याच चौकात ऑक्सफर्ड बुक अँड स्टेशनरी. लाकडी कपाटं, आणि हिमालयावरचा एवढा संग्रह मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिलेला नाही. गिर्यारोहण, तिबेट, सिक्कीम, भूतान, चहाचा इतिहास, लेपचा लोक, पक्षी, वनस्पती. सिमल्यात तीन दुकानांत मिळून जे वरवर चाळायला मिळतं, ते इथं एका भिंतीवर खोलवर मिळतं. मी पहिल्या दिवशी अडीच तास तिथं होतो. एव्हरेस्टच्या सुरुवातीच्या मोहिमांवरचं एक जाडजूड पुस्तक तीनदा हातात घेतलं आणि तीनदा परत ठेवलं. चौथ्यांदा, निघायच्या सकाळी, घेतलंच. वजन नको असेल तर पार्सलचं विचारा, परतीच्या प्रवासात खांदे वाचतात.

दुकानातून बाहेर पडलं की ऑब्झर्व्हेटरी हिलचा वळसा तयारच असतो. जवळजवळ सपाट, अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर 8,586 मीटरचं कांचनजंगा. टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं स्थान आहे, तिथं हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा एकाच आवारात पूजा करतात. पताका फडफडत असतात आणि घंटा वाजत असतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या आपल्याला नेपाळी, बंगाली, हिंदी आणि तिबेटी पाट्यांचं हे गाव परकं वाटत नाही.

पण चौरस्ता सोडला की उतार सुरू होतो, आणि तो खराखुरा असतो. बाजार खाली, रेल्वे स्टेशन खाली, चहाचे मळे त्याहून खाली. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायला अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या आहेत, पावसात निसरड्या होणाऱ्या. उतरताना छाती भरत नाही, पण गुडघ्यांना खरा त्रास उतारच देतो. खोली चौरस्त्याच्या पातळीवरच घ्यावी, थोडे पैसे जास्त पडले तरी. मग दिवसातून एकदाच खाली उतरून एकदाच वर यायचं.

हाताशी दोन दिवस जास्त असतील तर गंगटोक जोडा. एम. जी. मार्ग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथून वर डेव्हलपमेंट एरियातलं रचना बुक्स हे मनापासून चालवलेलं दुकान आहे. चढ आहे, पण पोचल्यावर वसूल होतो.

मग कधी आणि कसं

निवड बऱ्याच अंशी सुट्टीच ठरवते. मे महिन्यात दार्जिलिंगला धुरकट हवा असते, कांचनजंगा आठ-आठ दिवस दिसत नाही. जूनपासून तिथं धो धो पाऊस. उलट दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरमध्ये, तिथलं आकाश धुतल्यासारखं असतं. म्हणून मेमध्ये सिमला किंवा लंढौर, दिवाळीत दार्जिलिंग. जुलै-ऑगस्टमध्ये तिन्हीकडं जाऊ नये, दरडी कोसळतात.

पोचायला सिमला आणि मसुरी आपल्याला सोपी. कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरात मिळते, दुसऱ्या दिवशी दिल्ली. तिथून कालका, आणि पुढं 1903 पासून धावणारी छोटी गाडी, 96 किलोमीटर, शंभरावर बोगदे. मसुरीसाठी दिल्लीहून डेहराडून. दार्जिलिंगला पुणे किंवा कोलकाता गाठून न्यू जलपाईगुडी किंवा बागडोगरा करावं लागतं. प्रवासातच जाऊन-येऊन तीन-चार दिवस जातात, तेव्हा आठ दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर विचार करू नये.

आणि ज्यांच्याकडं फक्त शनिवार-रविवार आहे त्यांनी पाचगणीजवळचं भिलार बघावं. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, बहुतेक मराठी, बसून वाचायची. ते शहर नाही आणि तिथं खरेदी हा हेतू नाही. पण एका घरातून दुसऱ्या घराकडं चालत जाताना थंड वारा असतो, आणि हातातलं पुस्तक आपल्या भाषेत असतं. या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी ते मिळत नाही.

कुठंही जायचं ठरलं तरी आधी तीन आठवडे सकाळी तलावाला दोन फेऱ्या आणि घराच्या किंवा सोसायटीच्या जिन्यावर दहा वेळा चढउतार. लिफ्ट विसरायची. पायात नवे बूट घालून जायचं नाही. पाठीवरची पिशवी जाताना अर्धी रिकामी, आणि तिच्यात तळाला सोलापुरी चादर. परत येताना मी पुस्तकं तिच्यात गुंडाळतो, कोपरे दुमडत नाहीत.

काकूंना मी सिमला सांगितलं. त्यांना मेमध्येच जायचंय, त्यांचा उजवा गुडघा दुखतो, आणि मुलीला हिंदी कादंबऱ्या हव्यात. खोली मॉलच्या पातळीवर, लिफ्टच्या जवळ. मी स्वतः दिवाळीत पुन्हा दार्जिलिंगला जाणार आहे. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सकाळी आठला बसावं लागेल. काकूंनी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे.