आधी छत, मग गोंद: मॉडेल मालडब्यासाठी काय निवडावं

गोंद कुठला घ्यावा असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, डबा कुठल्या सालचा? प्रश्न आडवळणाचा वाटतो, पण नाही. अमेरिकी मालडब्याच्या छतावर काय असायला हवं ते सालावरून ठरतं. ते कशाचं बनवायचं ते पुढे ठरतं. कशाने चिकटवायचं हा प्रश्न येतो तिसऱ्या नंबरावर. बाटली आधी आणणारे लोक हा क्रम उलटा करतात आणि मग स्टायरीनवर, म्हणजे मॉडेलच्या नेहमीच्या प्लास्टिकवर, पितळ, पितळेवर प्लास्टिक सिमेंट असले संसार मांडून बसतात. ते फार दिवस टिकत नाहीत.

पुढचं सगळं एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या बंद डब्यांबद्दल, बॉक्सकारबद्दल आहे. इतर मापांत आकडे बदलतील, गोंदांचे स्वभाव तेच राहतील.

साल काय सांगतं

ब्रेकमन गाडीच्या छतावरून चालत जाऊन हाताने ब्रेक आवळायचा, त्या काळापासून डब्याच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी असायची. तिला रनिंग बोर्ड म्हणतात. अमेरिकी सुरक्षा नियमांत तिची रुंदी किमान १८ इंच, शक्यतो २० इंच होती. एचओमध्ये ती सव्वापाच ते पावणेसहा मिलिमीटर भरते. फळी डब्याच्या टोकाशी थांबत नाही, कपलरच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याच्या, दिशेने पुढे येते, कारण माणसाला एका डब्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकायचं असायचं. ही पुढे आलेली टोकं लक्षात ठेवा. सगळ्यात आधी तीच मोडतात.

ढोबळ मानाने तीन काळ धरा. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाकडी फळ्या सर्रास होत्या. त्यानंतरच्या नव्या डब्यांवर पोलादी जाळी आली आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांप्रमाणे, म्हणजे एपेक्स, मॉर्टन वगैरे, तिची नक्षी बदलायची. १९६६ पासून नव्या डब्यांना फळीची सक्ती उरली नाही. जुन्या डब्यांवरच्या फळ्या मात्र एका दिवसात गेल्या नाहीत, त्या काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. त्यामुळे १९७० च्या दशकातली मालगाडी करायची असेल तर फळीवाले आणि बिनफळीचे डबे एकाच गाडीत शोभतात.

फळी काढलेला जुना डबा मला तिन्हींत सगळ्यात देखणा वाटतो. फळी गेलेली असते पण तिचे आधार छताच्या शिवणींवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडांवर, उभेच असतात, उंच शिड्याही अनेकदा तशाच असतात, आणि छतावर चढू नका अशी सूचना रंगवलेली असते. शिवाय नवख्यासाठी हा सोपा पर्याय आहे. चिकटवायला लांब काही उरतच नाही, फक्त आधारांचे बारीक तुकडे.

छताचा पत्रा हा वेगळा विषय आहे आणि तो मी लवकर आटोपतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आयताकृती उठावाच्या पत्र्यांची छतं खूप दिसतात, १९४० च्या दशकाच्या शेवटाकडे तिरप्या उठावाची येतात. पुलमन-स्टँडर्डच्या १९४७ पासूनच्या पीएस-१ डब्यांवर बो टायसारख्या उठावाचं कंपनीचं स्वतःचं छत होतं. किटमध्ये छत सुटं असेल तर बदला, संध्याकाळभराचं काम आहे. छत डब्याच्या अंगाबरोबर एकसंध ओतलेलं असेल आणि चुकीचं असेल तर ते कापून काढण्याच्या भानगडीत पडू नका. दुसरं अंग मिळवा.

फळीचे चार मार्ग

छतावर ओतीव, म्हणजे अंगाचाच भाग असलेली फळी. मोडत नाही, गोंद लागत नाही. पण तिच्याखाली उजेड नसतो, आणि मालडब्याचं मॉडेल आपण बहुतेक वेळ वरूनच बघतो. लाकडी फळीच्या काळातला डबा असेल आणि गाडीत असे तीस डबे जोडायचे असतील तर मी खुशाल ओतीव फळी ठेवतो. फटींत गडद रंग सोडला की हातभर अंतरावरून कुणाला शंका येत नाही.

सुटी प्लास्टिकची फळी. बहुतेकांनी इथेच थांबावं. लाकडी फळीची नक्कल हिच्यात छान जमते. एकच खोट, जाडी. खरी लाकडी फळी साधारण सव्वा इंचाच्या आतबाहेर जाड, एचओमध्ये एक तृतीयांश मिलिमीटर. ओतीव प्लास्टिक बऱ्याचदा याच्या दुप्पट असतं. खालच्या बाजूने कडा तिरप्या तासल्या तर बाजूने बघताना जाडी डोळ्यात येत नाही. तासकाम कंटाळवाणं आहे, पण बाकी कुठल्याही सुधारणेपेक्षा फरक जास्त पडतो.

एच्ड, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, धातूची जाळी, पितळेची किंवा स्टेनलेसची. आरपार दिसते, आणि पोलादी जाळीच्या काळासाठी दिसण्यात हिला तोड नाही. पण ०.२ मिलिमीटर पत्रा म्हणजे खऱ्या मापात जेमतेम १७ मिलिमीटर, त्यामुळे समोरून राजेशाही आणि बाजूने कागद. शिवाय एकदा वाकली की ती घडी पूर्ण जात नाही. जवळून फोटो काढायचे दोन-चार डबे असतील तर घ्या. रोज हाताळायच्या डब्यावर ही जाळी बसवणं म्हणजे स्वतःच्या मागे काम लावून घेणं.

खरं लाकूड, लेझरने कापलेलं. लाकडाने लाकूड दाखवायचं म्हटल्यावर मोह होतो. पण लाकडाच्या रेषा १:८७ ने लहान होत नाहीत. रंगाआधी सीलर आणि बारीक घासणी हवी, नाहीतर फळी केसाळ दिसते. पाण्यातला गोंद पातळ पट्टीच्या एकाच बाजूला लावला की ती वळते. माझं मत प्लास्टिककडेच झुकतं.

आता गोंद

प्लास्टिक सिमेंट, पातळ, ब्रशने सोडायचं. खरं तर हा गोंदच नाही. हा द्रव स्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि तो उडून जातो. टामियाच्या एक्स्ट्रा थिनमध्ये ब्युटिल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं. एमईके नावाचं द्रावण याहून चपळ, लिमोनिनवालं सिमेंट बरंच संथ. सुटं छत अंगाला जोडायला किंवा स्टायरीनची फळी स्टायरीनच्या छतावर बसवायला याच्याइतका भक्कम सांधा दुसरा नाही. अट एकच, दोन्ही बाजू उघडं स्टायरीन हवं. रंगावर लावलंत तर रंग रंगाला चिकटेल आणि पापुद्र्यासकट निघेल. एबीएस हे दुसरं प्लास्टिक असेल तर त्यासाठीचं सिमेंट वेगळं. धातू, रेझिन आणि लाकडावर याचा उपयोग शून्य.

सुपरग्लू. पॉलियुरेथेन रेझिनचा किट किंवा थ्रीडी प्रिंटचे भाग असतील तर मुख्य गोंद हाच, कारण प्लास्टिक सिमेंट त्यांना काही करत नाही. तारेच्या कड्यांसाठीही हाच. फळीच्या शिडीकडे जाणाऱ्या आडव्या फाट्यांवर ब्रेकमनला धरायला कड्या असतात. खऱ्या कडीची तार ५/८ इंच, म्हणजे एचओमध्ये जेमतेम ०.१८ मिलिमीटर. आपण ०.३ ची वापरतो आणि कुणी तक्रार करत नाही. भोक पाडा, तार आत घाला, आतल्या बाजूने सुपरग्लूचा टिपूस द्या. बाहेरून दिला तर रंगावर पांढुरकी धूळ बसते. ती त्याच्या वाफांची करामत.

सुपरग्लूचे दोन सापळे आहेत. पहिला, चूक सुधारायला लोक अ‍ॅसिटोन घेतात. अ‍ॅसिटोन सुपरग्लू सोडवतं हे खरं, पण त्याआधी स्टायरीनचं छत खातं. दुसरा सापळा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण मी त्यात अडकलो होतो.

पितळेची जाळी चाळीस फुटी बॉक्सकारवर बसवायची होती. एचओमध्ये लांबी १४० मिलिमीटर. उन्हाळ्याच्या दुपारी सुपरग्लूने शिवणीशिवणीवर घट्ट बसवली, रेषेत, बघत राहावं अशी. थंडी पडल्यावर डबा खोक्यातून काढला तर जाळी मधे दोन ठिकाणी सुटून फुगलेली. दोष गोंदाच्या ताकदीचा नव्हता. तापमानाच्या प्रत्येक अंशाला स्टायरीन पितळेच्या साडेतीन ते चारपट आकसतं किंवा फुगतं. वीस अंशांचा फरक पडला तर १४० मिलिमीटरांत दोघांमध्ये साधारण ०.१५ मिलिमीटरची तफावत येते. आकडा किरकोळ वाटतो ना? पण तेवढी जास्तीची लांबी दोन घट्ट टोकांच्या मधे कोंबली तर भूमितीच्या हिशोबाने पट्टी मधोमध जवळजवळ तीन मिलिमीटर उचलली जाते. सुपरग्लूचा थर काचेसारखा कडक असतो, तो सरकू देत नाही, म्हणून तुटतो. डबा जितका लांब तितका हा त्रास वाढतो, पन्नास फुटी डब्यावर तर नक्कीच.

म्हणून धातूच्या जाळीला कॅनोपी ग्लू. हा मूळचा मॉडेल विमानांच्या पारदर्शक छत्र्या बसवायला वापरतात. पांढरा दिसतो, पारदर्शक वाळतो, आणि वाळल्यावरही रबरासारखा थोडा देतो. प्रत्येक शिवणीवर सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो. ओला असताना पाण्याने पुसता येतो. दुरुस्तीसाठी जाळी काढायची झाली तर पातळ पात्याने उचलता येते आणि खालचा रंग शाबूत राहतो. ताकद सुपरग्लूहून कमी आहे, पण पंधराएक टेकू मिळून फळीला जेवढं धरायचं तेवढं धरतात. फक्त रात्रभर हात लावायचा नाही, घाई असणाऱ्याला हा गोंद जड जातो. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हही लवचीक आहे, पण त्यातलं द्रावण स्टायरीन खातं आणि जाळीच्या भोकांत तंतू सोडतं. छतावर तर नकोच.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, छतावर मी वापरत नाही. जाड असतं, कडेने बाहेर येतं. त्याची जागा डब्याच्या आत आहे, त्याबद्दल पुढे.

आणि एक वर्ग असा की त्याला कुठलाच गोंद नीट धरत नाही. काही सुट्या फळ्या आणि कड्या अ‍ॅसिटालसारख्या लवचीक, किंचित मेणचट प्लास्टिकच्या असतात. त्या मोडत नाहीत हा मोठा गुण, पण गोंद वाळला की सबंध पापुद्रा अलगद सुटून येतो. खुंट्या असतील तर भोकांत दाबून बसवा, खुंटीचं टोक आतून गरम पात्याने चपटं करा. खुंट्या नसतील तर तो भाग छतासाठी घेऊच नका.

छत बंद करण्याआधी

छताची निवड झाली, गोंद ठरला, आणि मग बरेच जण वजन विसरतात. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे छंदिष्टांच्या संघटनेची शिफारस एचओसाठी अशी आहे: १ औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी डबा साडेपाच इंचाच्या आसपास येतो, तेव्हा पावणेचार औंस, म्हणजे शंभर ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. हे वजन जमिनीवर बसवायचं असतं, छताजवळ नाही, आणि डबा बंद होण्याआधी.

इथेच प्लास्टिक सिमेंट किंवा तसल्याच द्रावणाच्या गोंदाने घात होतो. वजनाखाली तो ओतला, लगेच छत किंवा तळ लावून डबा बंद केला, की वाफा आत कोंडतात. त्यांना जायला जागा नसते, म्हणून त्या भिंती मऊ करत राहतात. काही दिवसांनी डब्याच्या बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात, आणि तो खळगा भरून काढता येत नाही. वजनाला पाच मिनिटांचं इपॉक्सी लावा, कारण त्यात उडून जाणारं द्रावण नसतं. छत सिमेंटने जोडणार असाल तर तळ दोन-तीन दिवस उघडा ठेवा, किंवा वजनाखाली झाकलं जाणार नाही असं एक बारीक भोक तळाला पाडा. काम करताना खिडकीही उघडी हवी, या वाफा डब्याला जशा नकोत तशा आपल्यालाही नकोत.

छत कायमचं जोडावं की काढता यावं, यावर मतभेद आहेत. मी जोडतो. काढता येणाऱ्या छताची फट रंगानंतरही दिसते, आणि वजन एकदा नीट बसलं की आत पुन्हा बघण्यासारखं काही नसतं. बर्फ भरून थंड ठेवायच्या शीतडब्याच्या चार कोपऱ्यांवरच्या झाकणांचा एवढाच अपवाद. ती उघडी दाखवायची असतील, म्हणजे डबा फक्त हवा खेळती ठेवून भाजी-फळं नेतोय असं दाखवायचं असेल, तर झाकणं शेवटी, रंगानंतर, कॅनोपी ग्लूने लावा.

कुणी काय घ्यावं

पहिलाच डबा असेल तर १९६६ नंतरचा, मुळातच फळी नसलेला बॉक्सकार घ्या आणि पातळ प्लास्टिक सिमेंट. वजनाचं इपॉक्सी सोडलं तर दुसरी बाटली लागणार नाही.

१९४० च्या दशकातली लांब गाडी उभी करायची असेल आणि डबे रोज हाताळले जाणार असतील तर सुटी प्लास्टिकची फळी, कडा तासून, सिमेंटने. पुढे आलेल्या टोकांखाली कंस असतात, ते स्टायरीनचे न ठेवता तारेचे करा, कारण डबा उचलताना बोट नेमकं तिथेच लागतं.

पोलादी जाळीचा काळ आणि कॅमेरा या दोन्हींचं वेड असेल तर स्टेनलेसची जाळी आणि कॅनोपी ग्लू. जाळी आधी वेगळी रंगवा, छत वेगळं रंगवा, गोंद लावायच्या शिवणींवरचा रंग तसाच राहू द्या. कॅनोपी ग्लूला रंग खरवडून द्यावा लागत नाही. जाळी मधल्या शिवणीपासून दोन्ही टोकांकडे बसवत जा, म्हणजे थोडी तिरकी गेली तरी चूक दोन्हीकडे निम्मी वाटली जाते. आणि असा डबा उचलायचा तो नेहमी खालून, दोन्ही बाजूंच्या कडांना धरून.