पॅन्डेमिक की हानाबी? सगळ्यांनी मिळून जिंकायचा खेळ निवडताना

एकमेकांना हरवण्याचे खेळ घरात भरपूर झाले, आता सगळे एका बाजूला बसू आणि खेळालाच हरवू, असं वाटायला लागलं की दोन नावं हमखास पुढे येतात. मॅट लीकॉक यांचा पॅन्डेमिक हा पटावरचा खेळ आणि आंत्वान बोझा यांचा हानाबी हा पत्त्यांचा. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही मनापासून खेळलो आहे. 'यातला एकच घ्यायचा तर कुठला' असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅन्डेमिक २००८चा. त्याच्या रचनेला मी आजही दाद देतो. नकाशावर ४८ शहरं, चार रोग आणि प्रत्येकाला आपल्या पाळीत चार कृती; पानं जमवून चारही रोगांवर औषध शोधलं की सगळे जिंकले. खरी कमाल साथीच्या पानात आहे. ते निघालं की तोवर उघडलेली संसर्गाची पानं (कुठल्या शहरात रोग जाणार ते सांगणारी) पिसून पुन्हा त्याच ढिगावर ठेवायची. म्हणजे जिथे आधीच रोगाचे ठोकळे साचलेत, तीच शहरं परत बाहेर येणार. एखाद्या शहरात एका रंगाचे तीन ठोकळे असताना चौथा ठेवायची वेळ आली की उद्रेक होतो आणि जोडलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. तिथेही तीन असतील तर तिथून पुढे. शेवटचं औषध शोधायला एक पान कमी पडतंय आणि पानांचा ढीग संपत आलाय, अशा वेळी टेबलाभोवती कुणी स्वस्थ बसत नाही. हा थरार हानाबीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मग अडलं कुठे? पॅन्डेमिकमध्ये सगळं उघड्यावर असतं. पट सगळ्यांसमोर, बोलायला पूर्ण मुभा, आणि कुठली शहरं परत येणार हे ज्याला लक्षात ठेवता येतं त्याला पुढच्या दोन-तीन पाळ्या लख्ख दिसतात. आमच्याकडे हा मान दादाकडे आपोआप गेला. "तू आधी इथे ये, हे ठोकळे उचल, मग ते पान मला दे." दादा दांडगाई करत नाही, तो खरोखर मदत करत असतो. शिवाय त्याचं सांगणं बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यामुळे त्याला थांबवणार तरी कसं?

एका डावात भाचीकडे मेडिकची भूमिका होती. एका कृतीत शहरातले एका रंगाचे सगळे ठोकळे साफ करणारी, म्हणजे सगळ्यांनाच हवीहवीशी. तिने सोंगटी उचलली, दोन शहरांच्या मध्ये अधांतरी धरली आणि दादाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्याने मान हलवली, मग तिने ती खाली ठेवली. तुला स्वतःला कुठे जायचं होतं, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "मामा, मोठा मामा सांगतो तेच बरोबर असतं ना." तो डाव आम्ही जिंकलो. ती मात्र खेळलीच नव्हती.

यावर उपाय करून पाहिले. हातातली पानं झाकून ठेवली, ज्याची पाळी त्यानेच आधी बोलायचं असं ठरवलं. थोडा फरक पडला, पण पट समोर असतो तोवर जाणकाराच्या डोक्यातलं गणित चालूच राहतं, आणि गप्प बसायला लावलं की त्याचाही विरस होतो. तुमच्याकडे सगळे सारखेच मुरलेले असतील तर ही अडचण कदाचित येणारही नाही.

हानाबीने हा प्रश्न मुळातच येऊ दिलेला नाही. इथे आपली पानं आपल्याकडे पाठ करून धरायची. माझी पानं सगळ्यांना दिसतात, फक्त मला नाही. पाच रंग, प्रत्येक रंगात एक ते पाच क्रमाने लावायचे. पाळी आली की इशारा द्या, एक पान टाकून द्या किंवा एक पान लावा. इशारा एकाच भिडूला द्यायचा, एका रंगाचा किंवा एका अंकाचा, आणि तशी त्याची सगळी पानं दाखवायची. इशाऱ्यांच्या चकत्या आठच. त्या संपल्या की पान टाकून चकती परत मिळवायची, आणि इथे जीव टांगणीला लागतो. प्रत्येक रंगात एक्के तीन, दुर्री-तिर्री-चव्वी दोन-दोन, पण पंजी एकच. ती चुकून गेली की त्या रंगात पाचपर्यंत पोचणं संपलं.

या खेळात दादाला स्वतःच्या हातातलं काहीच दिसत नाही. भाचीने त्याच्या एका पानाकडे बोट करून म्हटलं, "हे लाल." बस, एवढंच. तो बराच वेळ त्या पानाच्या पाठीकडे पाहत बसला. दुसरं काही न सांगता हेच का, आणि आत्ताच का? टेबलावर लाल दुर्री लागलेली होती. त्याने पान लावलं, लाल तिर्री निघाली. भाचीचा चेहरा असा फुललेला पॅन्डेमिकच्या एकाही डावात मी पाहिला नव्हता.

हानाबीचेही त्रास आहेत, आणि ते लहान नाहीत. मिळालेले इशारे लक्षात ठेवावे लागतात, वयस्कर मंडळींना ते जड जातं. सवयीने कुणी पानं आपल्याकडे वळवली की गोडी गेली. शिवाय निकाल गुणांत लागतो. २५पैकी १७ आले, मग जिंकलो की हरलो? काहींना ते अळणी वाटतं, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. २०१३चा 'श्पील देस यारेस' हा जर्मन पुरस्कार हानाबीला मिळाला, पण त्यामुळे तुमच्या टेबलावर तो रंगेलच असं नाही.

तुम्ही चौघं बरोबरीचे मित्र असाल, गोष्ट आणि नकाशा हवा असेल, पाऊण-एक तास हाताशी असेल, तर पॅन्डेमिक घ्या, पस्तावणार नाही. पण टेबलावर लहान-मोठे, नवे-जुने एकत्र बसणार असतील, शिवाय पाचवं माणूसही येणार असेल (पॅन्डेमिकच्या मूळ खोक्यात चारच खेळू शकतात), तर माझं मत हानाबीकडे झुकतं. पहिल्या काही डावांत बहुरंगी पानं (खोक्यातला जादा, सहावा रंग) बाजूला ठेवा, आणि सुस्कारा टाकणं किंवा भुवई उंचावणं हा इशारा धरायचा की नाही, हे पानं वाटण्याआधीच ठरवून घ्या. आमच्याकडे धरत नाहीत.