सीडी पुसायची कशी: कोरडं कापड की साबणाचं पाणी?

नुसती धूळ असेल तर मायक्रोफायबरचं कोरडं कापड पुरतं. आधी धूळ हवेच्या पंपाने उडवा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे बारीक शिंतोडे बसतात. बोटांचे तेलकट ठसे मात्र कोरड्या कापडाने जात नाहीत, पसरतात. आणि कापडाखाली एखादा कण अडकला, तर चरा पडलाच. अशा डागांना साबणाचं पाणीच बरं: कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, बोटाने हलकेच चोळायचं, धुवायचं, टिपून घ्यायचं. भिजत ठेवू नका.

हात मात्र दोन्ही वेळा मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ न्यायचा. गोल पुसताना पडलेला चरा डेटाच्या वाटेनेच जातो आणि सलग बराच भाग खातो. आडवा चरा प्लेअर बहुधा सावरून घेतो.

सीडीची खरी नाजूक बाजू छापील असते. डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तर चकचकीत बाजूला जवळपास १.२ मिमी पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) आहे. ब्लू-रे डिस्कमध्ये हेच चकचकीत बाजूचं अंतर जेमतेम ०.१ मिमी, म्हणून तिथे चोळाचोळ नकोच.

थिनर, अ‍ॅसिटोन तर लांबच ठेवा. टूथपेस्टही साफ करत नाही, घासते.